शिवण कुठे संपते? जुन्या बाटल्यांचं वय काढायला मदत हवी

धूळखात
नमस्कार मंडळी. जुन्या सामानाच्या ढिगातून परवा तीन बाटल्या उचलल्या. घरच्यांनी "आता हा कचरा कुठे ठेवणार?" विचारून झालंय, त्यामुळे ते इथे पुन्हा विचारू नये.

पहिली म्हणजे खरं तर बरणी. रुंद तोंडाची, वर आटे, काच फिक्कट हिरवट-निळी. पुढे उठावाच्या अक्षरांत 'मेसन्स पेटंट नोव्हेंबर ३० १८५८'. विकणारा शपथेवर सांगत होता की बरणी १८५८ सालची आहे.
दुसरी सहा पैलूंची, गर्द निळी, मुठीत मावेल एवढी. काही पैलूंवर उभ्या रेघा आणि एकावर 'नॉट टू बी टेकन'. बुडावर ८६.
तिसरी काळी कुळकुळीत, चांगलीच जड. बूड आत खोल गेलेलं, मधोमध खरखरीत लागतं. अक्षरं नाहीत, सांधा नाही. हिच्यावर माझी भिस्त आहे.

वय कसं काढायचं? तिन्हींत बुडबुडे आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

चौकसबुवा
बुडबुडे म्हणजे जुनी काच, हातची फुंकलेली. निळी १८८६ ची असणार, बुडावर लिहिलंच आहे की. काळी तर १७५० च्या आसपासची धरा. घबाड लागलंय तुम्हाला! तो पृष्ठभाग ठोकल्यासारखा उंचसखल दिसतोय का? तसा असेल तर लाकडी साच्यातली.

रद्दीराणी
बुवा, मग बुडावर ७ लिहिलेली बाटली इसवी सन ७ ची का? (हलके घ्या.) बुडावरचा सुटा आकडा बहुतेक वेळा साच्याचा क्रमांक असतो, नाहीतर मापाचा.

भट्टीकाका
बुवांचे बाकीचे दोन मुद्देही आधी निकालात काढतो, नाहीतर धागा त्यांच्याच मागे धावेल.

बुडबुडे राहतात ते रस नीट निवळला नाही म्हणून. यंत्रावरच्या सुरुवातीच्या बाटल्यांतही ते भरपूर सापडतात. आणि आज 'जुन्या धाटणीच्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या बाटल्यांत तर मुद्दाम सोडलेले असतात. खोट्या मालात बुडबुडे जरा जास्तच देखणे असतात, हा माझा अनुभव.

ठोकल्यासारख्या पृष्ठभागाचा लाकडाशी संबंध नाही. लोखंडी साचा पुरेसा तापलेला नसला की गरम काच त्याला टेकताच आखडते आणि असे चट्टे उठतात. सकाळच्या पहिल्या घाण्याच्या बाटल्या ओळखू यायच्या आम्हाला. माझी नोकरी काचेच्या भट्टीवर गेली, साचेखात्यात. म्हणून नावही हेच घेतलंय.

धूळखात, आता एक काम करा. अक्षरं विसरा, रंग विसरा. प्रत्येक बाटलीच्या अंगावरून, बुडाकडून तोंडाकडे, साच्याच्या शिवणीवर (साच्याचे फाळे जुळतात तिथे काचेवर उठणारी बारीक रेघ) नख फिरवत न्या. नख कुठे अडकायचं थांबतं ते सांगा. खांद्यावर? मानेच्या मध्यावर? ओठाच्या खाली? की थेट ओठावरून पलीकडे उतरतं? दिवा बाजूने धरा, समोरून नको. समोरून शिवण दिसतच नाही.

निळीशाई
वाचनखूण साठवली. माझ्याकडे चार आहेत, रात्री नख घेऊन बसते.

धूळखात
नखपरीक्षा झाली. भिंगही घेतलं.

बरणी : शिवण बुडापासून सरळ वर जाते, आट्यांतून जाते आणि कडेच्या माथ्यावरही बारीक जाणवते. कड गुळगुळीत आहे. बुडावर एक वेडंवाकडं वर्तुळ आहे, एका बाजूला कलंडलेलं. त्याची रेघ एकसारखी नाही, पिसाच्या कडेसारखी फिसकारलेली.
निळी : शिवण मानेपर्यंत स्वच्छ, मग ओठाच्या खाली विरघळल्यासारखी नाहीशी होते. ओठावर मात्र आडव्या बारीक रेघा आहेत, गोल फिरवल्यासारख्या. खांद्यावर दोन-तीन टाचणीच्या टोकाएवढे उंचवटे आहेत. हे काय?
काळी : खरंच शिवण नाही. नख कुठेच अडकत नाही.

भट्टीकाका
छान पाहिलंत. आता जरा लांबण लागेल.

हाताने फुंकायच्या काळात कारागीर फुंकनळीच्या टोकावर रसाचा गोळा घेई, दोन फाळ्यांच्या साच्यात उतरवी आणि फुंकी. साचा मानेपाशी संपायचा. मग बाटली नळीवरून तोडायची. म्हणजे बाटली झाली, पण तिला ओठ नाही, नुसतं तुटकं तोंड. ओठ सगळ्यात शेवटी. त्याच्या दोन तऱ्हा. जुनी तऱ्हा म्हणजे तुटक्या तोंडाभोवती ताज्या काचेची पट्टी गुंडाळायची आणि तिला आकार द्यायचा. अशा बाटलीत शिवण ओठाच्या खाली एकदम कापल्यासारखी थांबते आणि बऱ्याचदा वरची काच मानेवर ओघळलेली दिसते, मेणबत्तीच्या मेणासारखी. नंतरची तऱ्हा म्हणजे मानेचीच काच पुन्हा तापवून एका चिमट्यासारख्या हत्याराने गोल फिरवत ओठ वळवायचा. फिरवताना शिवण पुसली जाते आणि आडव्या रेघा उमटतात. धूळखात, तुमची निळी ही अशी.

यंत्रावर उलटं. तिथे ओठ पहिल्यांदा होतो, कड्याच्या साच्यात, आणि मग खालचं अंग फुगवतात. म्हणून यंत्राच्या बाटलीची शिवण ओठावरून जाते, आणि ओठाच्या खाली आणखी एक आडवी शिवण असते, जिथे कड्याचा साचा आणि अंगाचा साचा भेटतात. कधीकधी ओठ पुन्हा आगीवर धरून गुळगुळीत केलेला असतो, तिथे उभी शिवण फसवते. तेव्हा ती आडवी बघायची. गंमत म्हणजे ओठ पहिल्यांदा होऊ लागला तरी कारखान्यात त्याला आजही 'फिनिश'च म्हणतात. हातकामाच्या काळातलं नाव तसंच चिकटलं.

आता तुमच्या बरणीच्या बुडावरचं ते कलंडलेलं वर्तुळ. तो ओवेन्सच्या यंत्राचा व्रण. मायकेल ओवेन्सचं पूर्ण स्वयंचलित यंत्र अमेरिकेत टोलेडोला १९०३ साली उभं राहिलं. ते रस वरून ओतून घेत नसे, खालून शोषून घेई, आणि मग एक पातं साच्याच्या तळाशी काच कापून टाकी. त्या काप्याचा हा व्रण. (हा ओवेन्स स्वतः वयाच्या दहाव्या वर्षी काचेच्या भट्टीवर कामाला लागलेला.) तेव्हा तुमच्या बरणीवर १८५८ लिहिलेलं असू दे, बूड सांगतंय १९०३ नंतर. बुडाचं ऐका.

धूळखात
अरेरे. म्हणजे ४५ वर्षं एका फटक्यात गेली. पण मग १८५८ लिहिलं कशाला? ही सरळ फसवणूक नाही का?

रद्दीराणी
फसवणूक नव्हे, जाहिरात. जॉन मेसनला आटेवाल्या तोंडाचं पेटंट ३० नोव्हेंबर १८५८ ला मिळालं. बरणी केव्हा बनवली याच्याशी त्या तारखेचा काही संबंध नाही. पेटंटची मुदत संपली, ज्याला त्याला आटे करायची मोकळीक मिळाली आणि गिऱ्हाइकाला ती ओळ बघायची सवय झालेली होती, म्हणून कारखान्यांनी ती विसाव्या शतकातही साच्यात कोरलेली ठेवली. म्हणजे तारीख काय सांगते? याच्या आधीची नाही, एवढंच.

कोका-कोलाच्या कमरेत आवळलेल्या बाटलीचंही तसंच. तिच्यावरची १६ नोव्हेंबर १९१५ ही नमुन्याच्या पेटंटची तारीख, पुढे कितीतरी वर्षं कोरली गेली. नंतरच्यांवर २५ डिसेंबर १९२३ आहे. संग्राहक त्यांना 'ख्रिसमस बाटली' म्हणतात, आणि त्या १९३० च्या दशकातही निघत होत्या. ती तारीख वाचून "१९२३ ची आहे" म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

भट्टीकाका
राणीताईंना अनुमोदन. बरण्यांबद्दल एक भर. रुंद तोंडाच्या मालाला यंत्र आधी लागलं, १८९० च्या दशकातच, ते दाबून-फुगवायचं अर्धयंत्र होतं. अरुंद मानेला वेळ लागला. त्यामुळे 'यंत्राची म्हणजे १९०३ नंतरची' हा नियम बरणीला डोळे झाकून लावू नका. तुमच्या बरणीला तो लागतो, कारण व्रण ओवेन्सचा आहे. आणि हातची मेसन बरणी ओळखायची असेल तर कड बघा. तिथे वरची जादा काच तोडून कड दगडावर घासून सपाट करत. हात लावला तर खरखरीत, पांढुरकी, बारीक टवके उडालेली. तुमची गुळगुळीत आहे, म्हणून प्रश्नच मिटला.

चौकसबुवा
बुडबुडे मागे घेतो. पण काळी? शिवण नाही, काळी, जड, बूड खोल, मध्ये खरखरीत. पाँटिलची, म्हणजे बाटली धरायला बुडाला चिकटवायच्या सळईची, खूण आहे ती. मी १७५० वर ठाम.

रद्दीराणी
बुवा, 'काळी काच' काळी नसतेच. गडद हिरवी किंवा तपकिरी असते, लोह भरपूर म्हणून. धूळखात, मोबाइलचा टॉर्च आतून लावून सांगा. आणि १७०० च्या आसपासच्या मद्याच्या बाटल्या कांद्यासारख्या बसक्या असायच्या. उभट, सरळ अंगाच्या बाटल्या पुढे आल्या, बाटल्या आडव्या रचून ठेवायची रीत पडली तेव्हा. तुमची कशी आहे?

धूळखात
उभट, खांदे उतरते. टॉर्चने शेवाळी हिरवी दिसली. आणि एक नवीनच दिसलं. अंगावर सगळीकडे आडव्या, अगदी बारीक रेघा आहेत, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. बाटली हळूहळू फिरवली तरच दिसतात.

भट्टीकाका
झालं तर मग. फिरत्या साच्याची आहे.

साच्याच्या आत लेप लावून तो ओला करायचा. गरम काच आत आली की पाण्याची वाफ होते आणि काच वाफेच्या पापुद्र्यावर तरंगते. कारागीर फुंकता फुंकता बाटली साच्यातच गरगर फिरवतो. शिवण पुसली जाते आणि अंगाला चकाकी येते. मात्र लेपातला प्रत्येक कण काचेवर आडवा ओरखडा सोडतो. त्याच तुमच्या रेघा. अशा बाटलीच्या अंगावर उठावाची अक्षरं कधीच नसतात, कारण फिरवताना अक्षरं टिकणार कशी? तुमच्यावर नाहीत, हेही जुळतं. मद्याच्या बाटल्यांत ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत आणि विसाव्याच्या सुरुवातीला फार चालली.

मध्ये खरखरीत आहे म्हणता ते ब्रशने, कोमट पाण्याने घासा आणि पुन्हा बघा. कोमट म्हटलंय, गरम नाही.

खटपट्या
'गरम नाही' ला दुजोरा. माझी एक सुरेख आकाशी बाटली आतला चिकटा निघावा म्हणून गरम पाण्यात टाकली. 'टिच्' असा बारीक आवाज आला, बस. खांद्यापासून बुडापर्यंत तडा. अजून ठेवलीय, बघितली की पोटात खड्डा पडतो.

धूळखात
घासली. खरखर गेली! चुन्यासारखा थर होता. खाली गुळगुळीत काच आणि मधोमध छोटंसं बोंडूक आहे.

भट्टीकाका
म्हणजे पाँटिल नाही. पाँटिलची सळई बुडाला चिकटवून बाटली धरत, म्हणजे तोंडाचं काम करता येई. मग सळई तोडली की तिथे तुटक्या काचेचं कडं, नाहीतर वाळूचे कण, नाहीतर लोखंडाचा काळसर-तांबूस डाग राहतो. बोट कापेल अशी धार असते कधीकधी. १८५० च्या दशकापासून बूड चिमट्यात धरायची सोय आली आणि पुढच्या वीसेक वर्षांत साध्या बाटल्यांवरून पाँटिल जवळजवळ गेलं. पण हेही दगडावरची रेघ नाही. आजही हाताने फुंकणारे कलाकार पाँटिल वापरतात. तेव्हा पाँटिल दिसलं की लगेच नाचू नये. बुडाच्या टेकणाऱ्या कडेवर वर्षानुवर्षं सरकवल्याचे उलटसुलट ओरखडे आहेत का ते भिंगातून बघावं. नव्याला सँडपेपर मारलेला असला तर ओरखडे सगळे एकाच दिशेने जातात.

बुवा, १७५० सोडा. १८८० ते १९१५ धरू.

चौकसबुवा
सोडलं. निळीचं तरी वय टिकतंय का?

भट्टीकाका
टिकतंय, ८६ मुळे नव्हे. खांद्यावरचे टाचणीएवढे उंचवटे म्हणजे साच्याला पाडलेली हवेची भोकं. काच फुगताना आतली हवा निघून जायला जागा हवी, नाहीतर अक्षरं बोथट उठतात. ही भोकं १८८० नंतर सर्रास झाली. आता खुणा एकत्र धरा. शिवण आहे, ती ओठाखाली विरते, ओठ फिरवून केलेला, हवेची भोकं. सगळ्यात उशिरा आलेली खूण कोणती, तिथून पुढे मोजायचं. १८९० ते १९२० च्या आत-बाहेर. ब्रिटनमध्ये हातकाम जरा रेंगाळलं, म्हणून शेवटचं टोक मी सैल ठेवतो.

निळीशाई
या निळ्या बाटलीत असायचं काय? रेघा नक्षीसाठी का?

रद्दीराणी
विष किंवा अंगाला लावायची औषधं. 'नॉट टू बी टेकन' म्हणजे पोटात घेऊ नका. रेघा आणि पैलू अंधारात हाताला कळावेत म्हणून. मध्यरात्री उठून खोकल्याच्या औषधाऐवजी भलतंच प्यायचे लोक. ब्रिटनच्या १८६८ च्या फार्मसी कायद्याने विषावर 'पॉयझन' असं लेबल लावणं बंधनकारक केलं, पण काळोखात लेबल कोण वाचणार? बोटाला मात्र लगेच कळतं.

धूळखात, आत वाळलेलं काही असेल तर हुंगू नका आणि हातमोजे घातल्याशिवाय धुऊ नका.

निळीशाई
माझ्या चारांपैकी एक जांभळी आहे. विकणाऱ्याने 'उन्हाने जांभळी झालेली शंभर वर्षांची' म्हणून दिली. रंग एकसारखा गर्द, वांग्यासारखा. शिवण ओठाच्या वरून जाते.

रद्दीराणी
शेवटचं वाक्य पहिलं लिहायचं होतं! उन्हाने जांभळी होणं खरं आहे. वाळूतल्या लोहाने काच हिरवट होते, ती पांढरी दिसावी म्हणून रसात मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात पडली की फिकी जांभळी होते. हा माल साधारण १८८० ते १९२० चा. पुढे मँगनीजची जागा सेलेनियमने घेतली, ती काच जुनी झाली की गव्हाच्या काडीसारखी पिवळसर दिसते.

पण वांग्यासारखा एकसारखा गर्द रंग म्हणजे बहुतेक वेळा मुद्दाम किरणांचा मारा करून आणलेला. त्यासाठी मँगनीज असलेली खरी जुनी काचही वापरतात, म्हणून चिडचिड होते. चांगली बाटली नासवलेली असते. यूव्ही टॉर्चखाली मँगनीजची काच फिकट हिरवी चमकते. युरेनियमची अंगावर येईल इतकी हिरवी चमकते. नवशिके पहिलीलाच 'युरेनियम' म्हणून विकतात.

तुमची यंत्राची आहे. सुरुवातीच्या यंत्रमालातही मँगनीज असे, त्यामुळे बाद म्हणत नाही. पण 'उन्हाने झालेली' या गोष्टीवर माझा विश्वास नाही.

खटपट्या
यंत्राच्या बाटल्यांना इथे फारच सावत्र वागणूक मिळतेय म्हणून लिहितो. त्यांचं वय उलट जास्त बारकाईने काढता येतं. माझ्याकडे व्हिस्कीची एक आहे. खांद्यावर 'फेडरल लॉ फॉरबिड्स सेल ऑर री-यूज ऑफ धिस बॉटल'. ही ओळ अमेरिकेत १९३५ ते १९६४ या काळात सक्तीची होती. बुडावर चौकटीच्या पत्त्यासारख्या आकृतीवर एक गोल आणि आत उभी रेघ, म्हणजे ओवेन्स-इलिनॉय, ही कंपनीच १९२९ ची. त्या चिन्हाच्या डावीकडचा आकडा कारखान्याचा, उजवीकडचा वर्षाचा शेवटचा आकडा. माझ्यावर उजवीकडे ८ आहे. मग १९३८ की १९४८? इथे दोन दिवस अडलो. शेवटी बुडावर हात फिरवला. १९४० पासून या कंपनीच्या बाटल्यांच्या बुडावर बारीक दाणे उठवू लागले, काच गरम असताना पट्ट्यावरून सरकताना ओरखडा जाऊ नये म्हणून. माझं बूड गुळगुळीत. १९३८.

भट्टीकाका
वा, खटपटराव. दाण्यांचं कारण अचूक सांगितलंत. फक्त १९३८ च्या पुढे 'बहुधा' लावा. नवी पद्धत आली म्हणून कुणी चांगला चालणारा साचा फेकून देत नाही. मी स्वतः मोडीत काढायचे ठरलेले साचे आणखी बरीच वर्षं चालवलेत.

खटपट्या
बहुधा १९३८. (दुखतंय, पण लावलं.)

धूळखात
पाच दिवसांनी ताजी बातमी.

त्याच माणसाकडे पुन्हा गेलो होतो. म्हटलं, अहो ती बरणी १८५८ ची नाही, १९०३ नंतरची आहे. त्याने अजिबात वाद घातला नाही. म्हणाला, "मग मी काय करू? लिहिलेलं खोडून देऊ का?" आणि मागच्या खोक्यातून दुसरी काढली. तोच रंग, तीच ओळ, तीच तारीख. फक्त अक्षरं जरा तिरपी. "ही पण १८५८ चीच," म्हणाला, त्याच भावात देतो म्हणाला.

मी तोंडावरून बोट फिरवलं. खरखरीत. बोटाला पांढरी पूड लागली आणि कडेला एक बारीक टवका होता. चेहरा शक्य तेवढा मख्ख ठेवला आणि घेतली. आता दोन्ही शेजारी ठेवल्यात. घरचे म्हणतात, एकच बरणी दोनदा का आणली.

काका, ही किती सालची धरू?

भट्टीकाका
घासलेल्या कडेवरून एवढंच की हातची आहे, १९१० च्या आसपासच्या आधीची असावी. १८५८ पर्यंत नेऊ नका लगेच. त्या कडेवर धातूचं झाकण जोर लावून पिळू नका, आणखी टवके जातील.

बूड दाखवा.